लेखनिक : अज्ञात

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी साताऱ्याला हस्तलिखितांच्या एका ग्रंथालयात नुकतीच लागले होते. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, जुनी अक्षरं वाचता येणारी, त्यामुळं मला जरा शिंगंच फुटली होती. गावोगाव फिरून घराघरांतल्या पोथ्या मागून आणायच्या, झटकून-पुसून रुमालात बांधायच्या आणि प्रत्येकीचं कार्ड लिहायचं, हे माझं काम. पुण्याहून, बडोद्याहून अभ्यासक येत. एकाच ग्रंथाच्या सात-आठ प्रती शेजारी मांडून कुठला शब्द कुठं बदलला ते दिवसदिवस बघत बसत. त्यांना सगळ्यांत आधी हवं असे ते शेवटचं पान. पोथी नकलून झाली की नकलणारा तिथं आपलं नाव, गाव, तिथी लिहून ठेवी, पुष्कळदा तांबड्या शाईत. ते पान गेलं की पोथी कुणाच्या हातची, कुठून आली, कळायला मार्ग नाही.

कराडच्या खाली, सांगलीच्या वाटेवर, कृष्णाकाठच्या एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं जुनी पोथी आहे असं कळलं, म्हणून गेले. घरी ऊस, बैल, मुलगा पलटणीत. आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण पोथी आपल्या पणज्यानं लिहिली असं ते सांगत आणि गाव त्यांना हसे. नांगर धरणारा बोरू कधी धरायला लागला, असं लोक विचारत.

“पोथी न्या बाई,” ते म्हणाले. “फकस्त त्याचं नाव तुमच्या बुकात लागू द्या. दुसरं काय मागणं न्हाई.”

मी तोंड भरून हो म्हटलं.

पेटीत लाकडी फळ्यांत बांधलेली मोठी पोथी होती. तिच्याखाली सुट्या पानांचा ढीग, कसरीनं खाल्लेला, ओलीनं चिकटून वडी झालेला. अशी पानं सोडवायची म्हणजे दमट कापडात ठेवून, बांबूची पातळ काडी हळूहळू सरकवत अर्धा दिवस बसावं लागतं. माझी साडेचारची एसटी होती. मी ढीग वरवर चाळला. एका पानाच्या कडेला तांबडी शाई दिसली, तीही पाहिली, आणि तो बाजूला सारला. पाहिली होती, हे मी मुद्दाम लिहिते आहे. ह्याचं काय करायचं, असं आजोबांनी विचारलं. उपयोगाचं नाही, घरात ठेवलंत तर कसर सगळ्याला लागेल, नदीत सोडा, असं मी मोठ्या पंडिताच्या थाटात सांगितलं.

साताऱ्याला पोथी उघडली, तर शेवटचं पान नव्हतं. त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं, की सुटी पानं जपून ठेवा. मग संचालकांना जाऊन सांगितलं, की घरचे लोक लेखनिकाचं नाव सांगताहेत. ते म्हणाले, ऐकीव गोष्ट सूचीत जात नाही, उद्या कुणीही कुणाचंही नाव सांगेल. त्यांचं खरंच होतं. मी कार्डावर लिहिलं, लेखनिक : अज्ञात.

आठवड्यानं आजोबा स्वतःच आले. धुतलेला पटका, हातात गुळाची ढेप. नाव बघायला आले होते. मी कार्ड वाचून दाखवलं आणि शेवटचं पान नाही म्हणून नाव लिहिता आलं नाही, तेही सांगितलं.

“तांबड्या शाईतलं पान व्हय?” ते म्हणाले. “माझा बा त्या पानाला डोकं टेकायचा. मला वाटलं, ते बांधलेल्यात असंल. तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिशी, हळदकुकू वाहून, सगळं नदीत सोडलं मी. तुमचं पोष्टकार्ड मागनं आलं.”

मी सूचीचं कार्ड परत खणात ठेवलं.

“मलाच बघाय पायजे हुतं. अक्षर न्हाई कळत, पर तांबडं तर दिसतं हुतं.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आजोबा, तांबडं मलाही दिसलं होतं, आणि नदीत सोडायला मीच सांगितलं, एवढंच. पण पलीकडच्या टेबलाशी संचालक बसले होते, माझी नोकरी अजून कच्ची होती, आणि खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही मला माझं शहाणपण जपायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशानं फास आपल्याच हातानं गळ्यात घालून घेतला आणि मी तो घालू दिला. त्याची लाज मला आजही वाटते.

आजोबा उठले. गुळाची ढेप माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी हात जोडले.

“तुमचा हेलपाटा फुकट घालवला मी. माफी करा, बाई.”

“असू द्या आजोबा,” मी म्हटलं, “होतं असं.”