प्लुटोची आरती
कापराच्या डबीचं झाकण काढलं की त्या वासासरशी मला मुरुम गावच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं आणि कान गरम होतात. दुकान बंद करून मी घाईनं पोचलो, तेव्हा माझी लेक टेबलामागं छोट्या पंख्याच्या बटणावर बोट ठेवून उभी होती. पुढं स्टीलच्या ताटलीत कापराच्या वड्या, वर एक बल्ब. तेवढ्यात परीक्षक गुरुजी आले. पाहुणे समोर आणि कापूर तसाच, पोरगी विसरली असेल, असं वाटून मी रोज गल्ल्यापुढं लावतो तसा खिशातली काडेपेटी काढून कापूर पेटवला आणि हात जोडले. गुरुजींनीही सवयीनं चपला काढून आरती घेतली. “अप्पा, तो प्लुटोवरचा बर्फ हुता की हो!” लेक कळवळून म्हणाली. सूर्याच्या उबेनं तिथला बर्फ न वितळताच हवा बनतो, आणि सूर्याकडून वाहणारा सौरवारा त्या हवेतली थोडी थोडी ओढून नेतो. बल्ब म्हणजे सूर्य आणि पंखा म्हणजे सौरवारा; कापराचा वास सगळ्यांच्या नाकापर्यंत पोचवून ती हेच दाखवणार होती. ताटलीत आता नुसता काळा डाग उरला होता. पोरं फिदीफिदी हसली. माझी मान वर होईना. मग तीच गुरुजींना म्हणाली, “सर, सूर्य लई जवळ आला तर काय हुईल, ते अप्पांनी दाखवलं.” टाळ्या पडल्या, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता ती परगावी असते. तरी संध्याकाळी काडी ओढण्याआधी मी रिकाम्या घरात विचारतो, “लावू का गं?”