गवंड्याच्या घराची भिंत

आमचे काका गवंडी. किनाऱ्यालगतच्या रांगेतली निम्मी घरं त्यांच्या हातची. स्वभाव तिरसट. कुणाकडे चहाला गेले तरी नजर आधी भिंतीवर, आणि ओळंबा चुकलेला दिसला की चहा अर्धा टाकून उठायचे.

वादळात समुद्र थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला आणि मागची भिंत पाडून गेला. किनारा वर्षानुवर्षं खचत होता, सरकारला आत्ता जाग आली. ज्यांची घरं मोडली त्यांना आत उंचावर नवं घर मिळणार, साहेब पाहणीला येणार, असं जाहीर झालं. शहाण्यांनी पडलेल्याला हात लावला नाही. काकूही कानीकपाळी ओरडत होती, "अहो, राहू द्या ना तशीच!"

"गवंड्याच्या घराला भगदाड? लोक तोंडात शेण घालतील," म्हणत काकांनी तेच दगड वेचून भिंत उभी केली. साहेब आले तोवर गिलावाही वाळला होता. साहेबांनी भिंतीवर थाप मारली. "उत्तम! इथे काही नुकसान नाही," म्हणाले आणि शेजारी गेले. त्या कौतुकाची मला अजून चीड येते. पायाखालची वाळू वाहून गेली होती, पण ती बघायला जरा वाकावं लागलं असतं.

काकू आधी रडली, मग दिवसभर तणतणत राहिली. फेरपाहणी होणार असं कळलं, तेव्हा काकांनी त्या भिंतीवर स्वतःच घण घातला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसरे साहेब हुशार निघाले. "ही लाटेनं पडलेली दिसत नाही."

"लाटेनंच पडली हो," काकू म्हणाली.

साहेबांनी काकांकडे पाहिलं. भिंतीच्या बाबतीत हा माणूस उभ्या जन्मात खोटं बोललेला नाही. "मीच पाडली," काका म्हणाले. "पण त्याआधी लाटेनंच पाडली होती, साहेब."

"म्हणजे सरकारला फसवताय," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

सगळी रांग उंचावर राहायला गेली. काका-काकू तिथेच. भगदाडाला ताडपत्री बांधली आहे. भरती आली की काकू डबे उचलून वरच्या फळीवर ठेवते. परवा मी म्हटलं, "काका, दगड इथेच पडलेत. मी हाताखाली येतो, भिंत घालून टाकू."

काका चक्क घाबरले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "नको रे बाबा. पुन्हा पाहणी आली तर?"