कण्यांचं बेट

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळ्या बोटवाली म्हणत. बोटीत तिने कधी पाय ठेवला नव्हता. पण कॉलर शिवता शिवता ती बायकांना दूरदूरच्या बेटांवर फिरवून आणायची. मशीनच्या खडखडाटातही तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचे.

एके दिवशी तिने कण्यांच्या बेटाची गोष्ट काढली. तिथे ज्याचा कणा जास्त वाकलेला, तो मोठा माणूस. प्रधानाचं नाक तर गुडघ्याला टेकलेलं. कुणी सरळ चालताना दिसलं की धरून वैद्याकडे नेत, आणि वैद्याला रोग्याच्या पायांपलीकडे काही दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी मालक फेरीला आले. त्यांच्या बुटाला दोरा चिकटलेला दिसताच मुकादम लगबगीने वाकला आणि दोरा काढून तसाच वाकलेला राहिला. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा कारखानाच हसत सुटला.

संध्याकाळी बोटवालीला मालकांच्या खोलीत बोलावणं आलं. मुकादम भिंतीपाशी तोंड पाडून उभा होता.

"तू ह्यांच्याबद्दल खोट्या गोष्टी पसरवतेस," मालक म्हणाले.

"गोष्टी खोट्याच आहेत, साहेब. असं बेटच नाही. मग ह्यांना लागलं कुठे?"

"जास्त बोलू नकोस. सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

ती बाहेर आली. तिने आपली कात्री पिशवीत टाकली आणि मशीनं थांबवायला सांगितली.

"बायांनो, मला माफी मागायला सांगितलीय. बेटावरच्या लोकांची मागते. त्यांना मी उगाच इथल्यांच्या पंगतीला बसवलं."

आणि ती निघाली.

घरी लेकीने कपाळाला हात लावला. "आई, दोन शब्द बोलून टाकले असतेस तर काय बिघडलं असतं?"

"मग उद्या चार बोलावे लागले असते."

त्यानंतरचे महिने ओढाताणीचे गेले. तिने घरातच पुढच्या खोलीत जुनं मशीन मांडलं. सुरुवातीला फाटकं-उसवलेलंच येई. मग कारखान्यातल्या बायका सुट्टीच्या दिवशी कपडे घेऊन येऊ लागल्या, आणि कपडे दिल्यावरही हलेनात.

एका दुपारी दारात मुकादमाची बायको उभी राहिली. माप देताना ती हळूच म्हणाली, "घरी कुणी बेट म्हटलं तरी हे ताट सरकवून उठतात. आहे तरी काय ते?"

बोटवालीने एक शब्द न गाळता सगळं सांगितलं. बाई इतकी हसली की टेप दोनदा सुटली. मग डोळे पुसत तिने विचारलं, "त्या बेटावर बायका कशा चालतात?"

"ते अजून पाहायचंय. हात वर करा, बाही मोजते."