उंदीर, मोदक आणि बाबांची जागा

कॉलेजची सहा आठवड्यांची ट्रेनिंग करायला आम्ही तिघे मित्र स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेलो, तेव्हा मालकांकडे आम्हाला द्यायला कामच नव्हतं. "अब सब बाहर से बन के आएगा भिया, तुम लोग कुछ भी बना लो," ते म्हणाले. आम्ही गणपतीच्या देखाव्यासाठी, चिपच्या इशाऱ्यावर मोदक पळवणारा उंदीर बनवायचं ठरवलं.

बाबांची मिल बंद पडली होती, पण मिलची झांकी बंद पडली नव्हती. अनंत चतुर्दशीला ट्रॉलीवरून निघणारा हलता देखावा कामगारांनी हट्टाने चालू ठेवला होता. बाबा मिलमध्ये फिटर. वीस वर्षं ते ट्रॉलीच्या फळ्यांखाली बसून खिळे ठोकलेला लाकडी ढोल फिरवत आले होते. खिळ्याने स्विच दाबला की वर एखादी मूर्ती मान हलवायची. मिल गेल्यावर लोक त्यांना शोधत घरी येत ते फक्त या ढोलासाठी.

हे मला माहीत होतं. तरी मी झांकीच्या कमिटीसमोर छाती काढून सांगितलं, की आता ढोल नको, आमची चिप सगळं सांभाळेल. उथळ पाण्याला खळखळाट फार. बाबा ढोल उचलून घरी घेऊन गेले.

बंद मिलच्या शेडमध्ये दुपारी ट्रायल झाली. उंदीर मोदकाकडे सरके, गणपती सोंड उगारी, उंदीर मागे पळे. कमिटीवाले खूश झाले. मग अखबारवाल्याने फोटो काढला आणि उंदीर मोदकावर तोंड टेकवून जो थांबला, तो हलेचना. आम्ही पुन्हा चालू केला, पुन्हा फोटो, पुन्हा तेच. मित्र वायरी ओढून बघत होते. मी ग्राउंडिंग, नॉइज, व्होल्टेज असे जेवढे शब्द येत होते तेवढे मोठ्याने बोललो.

"ढोल ही ले आओ, भाईसाब," कमिटीचे अध्यक्ष बाबांना म्हणाले.

बाबांनी फक्त घरी जाऊन ढोल आणायचा होता. पण ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. "तो फोटो खेचतो, तेव्हाच हा अटकतो. ध्यान दिलं का तू?"

मी दिलं नव्हतं. त्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. आत फ्लॅशसारखा झगझगीत प्रकाश गेला की गडबड होते, म्हणून ती झाकायची असते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण लोकांना चिप दिसावी म्हणून आम्ही ती उघडी ठेवली होती, वर छोटा बल्बही लावला होता. बाबांनी काळ्या टेपचा तुकडा तोडून काचेवर चिकटवला आणि अखबारवाल्याला म्हणाले, "अब खींचो." उंदीर पळत राहिला.

मिरवणुकीत तो एकदाही अडकला नाही. बाबा माझ्याबरोबर रस्त्याच्या कडेने चालत होते. "वीस वर्षांत झांकी समोरून आजच बघितली," ते म्हणाले. "उंदीर जरा उशिरा वळतो, बस." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी फळ्यांखाली बसायला कोणी लागेल का रे?"

"कोणीच नको, बाबा. तेच तर खास आहे," मी अभिमानाने सांगितलं.

"छान," ते म्हणाले. तेव्हा कुठे मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.