उल्का जगदाळेचे पाय

उल्का जगदाळे भारताच्या महिला फुटबॉल संघाची गोलकीपर होती, आणि दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या सोसायटीत ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडला नसता. ती व्यवस्था तिच्या वडिलांनी चोख केली होती. खंडेराव जगदाळे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्याच सोसायटीत सिक्युरिटीचे प्रमुख म्हणून लागले. गेटपाशी गाडी थांबली की फाटक उघडेपर्यंत आत येणाऱ्याला उल्काची ताजी खबर मिळे.

ताश्कंदच्या सामन्यानंतर तर विचारूच नका. समोरचा संघ आशियातल्या बलाढ्य संघांपैकी. आपल्या मुली जवळजवळ सगळा वेळ स्वतःच्याच गोलपाशी अडकून पडल्या होत्या. उजवीकडून, डावीकडून, डोक्यावरून चेंडू येत होते आणि उल्का एकेक परतवत होती. भारत हरला, दोन गोलांनी. पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो हरलेल्या गोलकीपरचा. जमिनीपासून वर, हवेत आडवी, बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर ढकलताना. खंडेरावांनी तो फ्रेम करून लिफ्टशेजारी लावला.

लोक कौतुक करत आणि मग विचारत, "बेटी खेलती किस क्लब से है?"

इथे खंडेराव विषय बदलत. कारण उल्का दिल्लीतल्या एका लहानशा क्लबाकडून खेळत असे, आणि तो क्लब लीगमध्ये दरवर्षी तळाशी. मोठ्या क्लबांनी तिला कधी बोलावलंच नव्हतं. उल्काला त्याची फारशी काळजी नव्हती. आर. के. पुरमच्या सरकारी कचेरीत तिला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी होती, खेळासाठी रजा मिळत होती. देशाची पहिल्या पसंतीची गोलकीपर आपण, बोलावणं आज ना उद्या येणारच, असा तिचा सरळ हिशेब होता.

आणि ते आलं. बंगळूरच्या कावेरी युनायटेडचं, म्हणजे लीग जिंकणाऱ्या क्लबाचं. आठवडाभर आमच्याबरोबर सराव करा, मग ठरवू, असा निरोप होता.

तिथल्या प्रशिक्षक विजयालक्ष्मी मॅडम धारवाडकडच्या. जुन्या बचावपटू. मराठी त्यांना चांगलं समजे, बोलताही येई. पहिल्या दिवसापासून उल्काला काहीतरी विचित्र वाटू लागलं. तिच्यावर कोणी हल्लाच करेना! चेंडू यायचा तो आपल्याच मुलींकडून, परत मागे, सरळ तिच्या पायांत. मग विरुद्ध बाजूच्या दोघी धावून येत आणि उल्का काय करी, तर पाय फिरवून चेंडू लांब, मैदानाच्या पार मध्याच्या पलीकडे भिरकावून देई. राष्ट्रीय संघात तिचं कामच ते होतं. अडवायचा आणि लांब मारायचा, म्हणजे दमलेल्या मैत्रिणींना जरा दम खायला मिळे. इथे मात्र तिने लांब मारलेला चेंडू दर वेळी समोरच्यांना मिळत होता, आणि तो हिसकावून आणायला तिच्या संघाला पुन्हा धावावं लागत होतं. चौथ्या दिवशी एका मुलीने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे नुसतं पाहिलं.

शेवटच्या संध्याकाळी मॅडम तिला घेऊन स्टँडच्या पायऱ्यांवर बसल्या.

"उल्का, गोल अडवण्यात देशात तुझा हात धरणारी कोणी नाही. त्यात मला शंका नाही."

"मग?"

"मग आठवडाभरात तुझं अडवणं मला दिसलंच नाही. आमच्याशी खेळायला येतात ते संघ आपल्याच गोलपुढे गर्दी करून उभे राहतात. सामनाभर चेंडू आमच्याकडे. आमच्या गोलकीपरला दोन-तीनदा अडवावं लागतं. बाकी सगळा वेळ तिला आमच्याबरोबर खेळावं लागतं, पायांनी. तू देशाकडून खेळतेस तेव्हा नेमकं उलटं असतं. तिथे तू ज्यात मोठी आहेस, ते वापरायला माझ्याकडे जागाच नाही. मला अकरावी खेळाडू पाहिजे. पहारेकरी नको."

उल्का दिल्लीला परत आली आणि जेवताना तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. खंडेरावांचा घास हातातच राहिला.

"पहारेकरी नको? सियाचीनला आम्ही काय झोपा काढत होतो? पहारेकरी नको म्हणते! त्या बाईला म्हणावं, एक रात्र..."

"अहो, ती उल्काबद्दल बोलत होती," आई वासंती भाकरी वाढत म्हणाल्या. "तुमच्याबद्दल नाही."

"बाबा, ती बिल्कुल बरोबर बोलली," उल्का म्हणाली. "मला राग आलाय, पण तिचा नाही."

"मग कुणाचा?"

"माझ्या पायांचा."

रागाने पेटून उठणं तिला ठाऊक होतं, पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. गोल झाला तर चेंडू जाळ्यातून काढायचा आणि मध्यावर फेकायचा, इतकीच तिची शोकाची पद्धत. आता प्रश्न एवढाच होता की पाय शिकायचे कुठे. तिच्या क्लबात तिला गोलमधून बाहेर काढायला कोणी तयार नव्हतं. ती नसेल तर तो संघ किती गोल खाईल याचा तिथे सगळ्यांनाच धसका होता.

कचेरीतून घरी जाताना ती मुनिरक्याला मेट्रो पकडे. तिथे जवळच्याच मैदानावर संध्याकाळी मुली फुटबॉल खेळताना तिला दिसत. आसपासच्या खोल्यांमधून भाड्याने राहणाऱ्या, विद्यापीठात शिकणाऱ्या मुली. कोणी मणिपूरची, कोणी केरळची, कोणी हरियाणाची. एका संध्याकाळी ती कुंपणाच्या आत शिरली आणि विचारलं, "मैं भी खेल सकती हूँ? बीच में, मिडफील्ड में."

त्या मुलींचा खेळ चालवणारी होती अलका, नागपूरची, इतिहासात पीएचडी करणारी. उल्काचं नाव ऐकून ती लगेच मराठीत आली. "काय करतेस?"

"आर. के. पुरमला नोकरी."

"आधी खेळलीयेस?"

"थोडंफार," उल्का म्हणाली.

पहिल्याच पाच मिनिटांत एक उंच चेंडू आला आणि उल्काचे दोन्ही हात आपोआप वर गेले. चेंडू तिने असा काही सफाईने झेलला की सगळ्या थबकल्या आणि मग हसून हसून लोळल्या.

"अगं बाई, हा बास्केटबॉल नाही!" अलका ओरडली.

त्या दिवसापासून उल्का जाड जॅकेट घालून खेळू लागली, हात खिशात कोंबून. दिल्लीची थंडी होती, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही.

पण हातांपेक्षाही अवघड गोष्ट वेगळीच निघाली. गोलमध्ये उभं राहिलं की अख्खा सामना डोळ्यांसमोर असतो, पाठीमागे फक्त जाळं. इथे मैदानाच्या मधोमध अर्धं जग पाठीशी होतं. चेंडू पायात आला की तो कुठे द्यायचा याचा विचार ती करू लागे, तोवर मागून कोणीतरी तो काढून घेऊन गेलेली असे. अलका तिच्यावर खेकसायची, "चेंडू आल्यावर काय बघतेस? यायच्या आधी बघून ठेव ना यार!" देशाची गोलकीपर रोज संध्याकाळी इतिहासाच्या विद्यार्थिनीकडून बोलणी खात होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होत होती. हळूहळू मान वळू लागली. चेंडू येण्याआधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग डावा पाय, जो इतकी वर्षं केवळ उभं राहण्यासाठी होता, तोही कामाला लागला. आपण सुधारतोय हे तिला दिसत होतं आणि त्यात तिला लहान मुलासारखी मजा येत होती.

एकदा खेळ संपल्यावर अलका तिला म्हणाली, "तुझी उडी बाकी छान आहे हं. एखाद्या दिवशी गोलमध्ये उभी राहून बघ."

"बघू," उल्का म्हणाली.

फेब्रुवारीत राष्ट्रीय संघाचा सामना होता, टीव्हीवर दाखवणार होते. उल्काच्या पायांना नवी खुमखुमी आली होती. पूर्वार्धात चेंडू तिच्याकडे आला. लांब मारायच्या ऐवजी तिने तो अलगद डावीकडच्या बचावपटूकडे सरकवला. त्या बिचारीला याची कल्पनाच नव्हती. उल्का नेहमीप्रमाणे लांब मारणार हे धरून ती पुढे पळत सुटली होती. समोरच्या संघाच्या मुलीने चेंडू पटकावला आणि मोकळ्या गोलमध्ये टाकला.

मध्यंतरात प्रशिक्षक विनायक सरांचा चेहरा लाल झाला होता. "ही हौस इथे नको, उल्का! वर्षातून काही आठवडे आपण एकत्र येतो. एकमेकींच्या सवयी कळायच्या आत कॅम्प संपतो. इथे लांबच मार. क्लबात जाशील तेव्हा तिथलं खेळ."

"सर, क्लबात जायचं तर हेच यावं लागतं."

विनायक सरांना हसू आवरलं नाही. "मग दोन्ही शिक. आणि कुठे काय करायचं तेही शिक. चलो, ग्लोव्ह्ज घाल."

उत्तरार्धात तिने एकही चेंडू पायाजवळ ठेवला नाही आणि एकही गोल होऊ दिला नाही.

पुढच्या आठवड्यात ती मुनिरक्याच्या मैदानावर पोहोचली तेव्हा सगळ्या मुली खेळ थांबवून तिच्याकडे बघत उभ्या होत्या. अलका तर पांढरीफटक पडली होती.

"मी तुला... गोलमध्ये उभी राहून बघ म्हणाले होते?"

"हो. चांगली सूचना होती."

यावर जो हशा पिकला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला. पण अलका हसून थांबणारी नव्हती. "आणि तो पास! मी टीव्हीसमोर किंचाळले! तू तिचे पाय बघितलेस, तोंड बघितलंच नाहीस. ती दुसरीकडे बघत होती. द्यायच्या आधी डोळ्याला डोळा भिडायला हवा की नको?"

"हवा," उल्का मुकाट्याने म्हणाली आणि जॅकेटची चेन लावून मध्यावर जाऊन उभी राहिली.

उन्हाळ्यात तिने आपणहून विजयालक्ष्मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, मला पुन्हा एकदा बघा."

मॅडमनी तिला बंगळूरला बोलावून दोन दिवस बघितलं. मग म्हणाल्या, "आता तू माझ्या संघात बसतेस. पण मी घानाची एक गोलकीपर घेतलीय, तिच्या देशाकडून खेळते. तीच पहिली. तुला दुसरी म्हणून घेईन. बाकावर बसायची तयारी आहे?"

घरी पुन्हा चर्चा झाली. "देशाची पहिली आणि क्लबाची दुसरी?" खंडेरावांना हे पटेना. "आणि खेळायलाच मिळालं नाही तर राष्ट्रीय संघातूनही काढतील. इथे निदान दर सामन्याला उभी तरी राहतेस."

"इथे मी दर सामन्याला तेच खेळते, जे मला येतं," उल्का म्हणाली. "तिथे रोज देशातल्या सगळ्यात चांगल्या मुली माझ्यावर शॉट मारतील. बाकावर बसून मी गंजणार नाही, बाबा. तुम्ही मला ओळखता."

ते ओळखत होते. त्यांनी तिची सॅक स्वतः भरली, फौजी पद्धतीने, कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या करून.

बाकावरचे महिने सोपे गेले नाहीत. सामन्याच्या दिवशी तिचे हात शिवशिवत. पण घानाची ती गोलकीपर, ग्रेस, मनाने मोकळी होती. सरावात दोघी एकमेकींना सोडत नसत, नि नंतर एकत्र जेवत. हंगाम निम्मा झाला आणि ग्रेसला तिच्या देशाच्या कॅम्पचं बोलावणं आलं. ती विमानात बसली, आणि कावेरीच्या गोलमध्ये उल्का उभी राहिली.

तो सामना बघायला खंडेराव आणि वासंती रेल्वेने बंगळूरला गेले. खंडेराव स्टँडमध्ये ताठ बसले होते, लेकीच्या पहिल्या उडीची वाट बघत. उडी काही येईना. चेंडू उल्काकडे यायचा, ती मान वळवून बघायची, कोणाकडे तरी सरकवायची. पुन्हा यायचा, पुन्हा सरकवायची.

"ही काहीच करत नाहीये," ते पुटपुटले.

"करतेय की," वासंती म्हणाल्या. "अडचणीत सापडली की प्रत्येक मुलगी चेंडू तिच्याकडेच देतेय, बघा ना."

उत्तरार्धात विरुद्ध संघाच्या दोघी एकाच वेळी उल्काच्या अंगावर धावून आल्या. पूर्वीच्या उल्काने चेंडू आकाशात भिरकावला असता. या उल्काने जागीच थांबून त्यांना जवळ येऊ दिलं, आणि डाव्या पायाने चेंडू दोघींच्या मधून, मैदानाच्या मध्यावर वळून उभ्या असलेल्या मुलीकडे दिला. समोर निम्मं मैदान मोकळं होतं. चेंडू उजवीकडे गेला, तिथून आत आला, आणि जाळं हललं. कावेरीच्या मुली गोल करणारीला मिठी मारायला धावल्या, आणि एक जण उलट दिशेने उल्काकडे धावत आली. पहिल्या खेपेला कमरेवर हात ठेवून बघणारी तीच.

सामन्यानंतर खंडेराव रेलिंगपाशी आले. "एकसुद्धा उडी नाही?"

"गरजच पडली नाही, बाबा," उल्का म्हणाली. तिची जर्सी अजून स्वच्छ होती, आणि इतकी खूश तिला त्यांनी ताश्कंदनंतरही पाहिली नव्हती.

ग्रेस परत आली तेव्हा मॅडमनी दोघींना आलटून पालटून खेळवलं, आणि पुढच्या हंगामात उल्का पहिली गोलकीपर झाली. राष्ट्रीय संघातली तिची जागाही टिकून राहिली. तिथे ती अजून हवेत आडवी होते, दोन्ही कोपरं सोलून घेते आणि चेंडू लांब मारते, कारण तिथे तेच लागतं. आता कावेरीच्या आणखी दोन मुली भारताच्या बचावफळीत आल्या आहेत. मागच्या कॅम्पात विनायक सरांनी तिघींना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही एकमेकींना पास देऊन खेळायचं म्हणत असाल, तर किती वेळात जमवाल?"

"आजपासून सुरू करू सर," उल्का म्हणाली आणि चेंडू आणायला गेली.