न कळवता जाणाऱ्या काकू

"चहा नको. मुलं पितात तिथलं पाणी द्या."

मुलांच्या कुठल्याही संस्थेत पाऊल टाकलं की काकूंचं पहिलं वाक्य हे, अर्थात हिंदीतून. ऑफिसातलं कुणी सीलबंद बाटली घेऊन आलं की त्या ती हसून परत करायच्या आणि "हम खुद ले लेते हैं, भैया" म्हणत सरळ आत चालू लागायच्या. घोटभर पाणी पिऊन यायला त्यांना वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, मुलांची अंथरुणं, सगळं बघून व्हायचं.

ही युक्ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. इतकी साधी गोष्ट, आणि ती आपल्याला सुचली नाही! तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याबद्दल वाईट बोलायला जागाच नसते आणि म्हणून ते जास्त खुपतं.

मी लखनऊच्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. नोकरीनिमित्त इथे आलेली आम्ही तीसेक घरं: कुणी बँकेत, कुणी सरकारी कंपनीत, काही छावणीतली. आमच्यात एक प्रथा आहे. गणपतीच्या शेवटच्या आरतीनंतर मुलांसाठी काम करणारी एक संस्था ठरवायची आणि वर्षभर प्रत्येक घराने तिला दर महिन्याला देणगी पाठवायची. संस्था निवडायचं काम माझं. सुरुवातीला त्या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग काकू विकास नगरात आमच्या शेजारी राहायला आल्या. त्यांचे यजमान फौजेत होते. निवृत्तीनंतर त्यांनी इथेच घर घेतलं आणि दोन वर्षांत ते गेले. मुलगा नाशिकला. वेळ घालवायला बायका भजनाला जातात, काकू ई-रिक्षा करून संस्था बघत फिरायच्या. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात, या तर लष्करातल्याच, असा विनोद मी चारचौघांत करायचो. लोक हसायचे आणि हसून झालं की काकूंकडे वळून विचारायचे, "काकू, आमच्या आईच्या वर्षश्राद्धाला कुठे द्यावं हो?"

एकदा मी त्यांना विचारलंच, "हे तुम्ही शिकलात कुठे?"

"बारा बदल्या झाल्या आमच्या," त्या म्हणाल्या. "दर ठिकाणी आठ दिवसांत पोराची शाळा शोधायची. प्रिन्सिपॉलशी बोलून काही कळत नाही हो. शिपायाशी बोलावं."

बाहेरच्यांचं एक वेळ सोडा. माझ्या मुलीला सुट्टीत कुठेतरी मुलांना शिकवायला जायचं होतं. मी म्हटलं, मी सांगतो कुठे जायचं ते. ती म्हणाली, "पापा, मैं आंटी से पूछ लूँगी. वो जाके देखती हैं."

"मग मी काय करतो?"

"आप फंक्शन में जाते हो, पापा."

बायको आतून खुदकन हसली. माझा नुसता तिळपापड झाला.

आता चार वर्षं मी सलग निवडत आलो त्या संस्थेबद्दल सांगतो. तिचा संचालक अमरावतीकडचा. पहिल्या भेटीतच तो म्हणाला, "या, बसा, जेवल्याशिवाय जायचं नाही." पंधरा वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाला असं वाक्य ऐकून काय होतं, ते परमुलखात राहिलेल्यालाच कळेल. मी विरघळलो. नोंदणीचे कागद, मुलं कुठून येतात, किती राहतात, काही म्हणजे काही विचारलं नाही. आपला माणूस म्हटल्यावर त्याच्याकडे कागद कसले मागायचे? उलट त्यानेच मला शाल दिली, श्रीफळ दिलं. प्रत्येक देणगीदाराला तो एकेका मुलाचा फोटो द्यायचा. मला काजल मिळाली. दोन वेण्या, निळा फ्रॉक. तो फोटो आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता आणि आल्यागेल्याला मी सांगायचो, "ही आमची धाकटी."

काकूंनाही सांगितलं. त्या चहा पीत होत्या.

"केवढी आहे हो?"

"आठ वर्षांची."

"आणि फोटो कधीचा?"

"त्या संस्थेला देणगी सुरू केली तेव्हाचा. चार वर्षं झाली."

त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बिस्किट चहात बुडवलं. चार वर्षांपूर्वी आठ वर्षांची असलेली मुलगी आजही आठ वर्षांची कशी, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. चार वर्षांत मी तो फोटो शंभर वेळा दाखवला असेल. मुलीला भेटायला एकदाही गेलो नव्हतो.

गणपतीच्या आधी आठवडाभर काकू दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"सेक्रेटरीसाहेब, तुमच्या संस्थेत मी तीनदा जाऊन आले. न कळवता."

"बरं मग?"

"तुम्ही एकदा जा. काजलला भेटायचंय म्हणा."

"काय असेल ते स्पष्ट सांगा ना, काकू."

"मी सांगून तुम्हाला पटायचं नाही. आणि चारचौघांत मी काही बोलणार नाही. तुम्ही निवडलेली संस्था आहे, तुम्हीच बघा."

मला त्यात काळजी दिसली नाही. मला दिसलं एवढंच, की या बाईचा माझ्या खुर्चीवर डोळा आहे. शेवटच्या आरतीनंतर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "काही लोक देवळात गेले तरी त्यांचं लक्ष चपलांपाशी असतं. परक्या मुलखात आपण आपल्या माणसाला नाही धरायचं, तर कुणाला धरायचं?" टाळ्या पडल्या. सगळ्यांनी माझ्याच संस्थेसाठी हात वर केले. काकू भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला नाही, पण मानही खाली घातली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

तरी मी गेलो. मुलांच्या काळजीने गेलो असं सांगितलं तर तुम्हालाही खोटं वाटेल. काकू एकदा तरी चुकलेल्या मला बघायच्या होत्या, म्हणून बँकेत अर्धा दिवस रजा टाकून गेलो. न कळवता.

संचालक नव्हता. एका बाईंनी मला ऑफिसात बसवलं. मी म्हटलं, "काजल को बुला दीजिए." त्या गडबडल्या, आत गेल्या. बराच वेळ आतून कुजबुज ऐकू येत राहिली. मग नुकतेच केस विंचरलेली एक मुलगी दारात आली.

"नमस्ते अंकल. मेरा नाम काजल है."

ती फार तर सात वर्षांची होती. माझी स्वतःची मुलगी या चार वर्षांत माझ्या खांद्याला लागली होती. मी त्या मुलीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बेटा, सच में तुम्हारा नाम क्या है?" तिने मागे वळून त्या बाईंकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं मूल मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं. तिला पुन्हा विचारायचं धैर्य मला झालं नाही.

रिक्षात बसल्यावर मला लाज वाटली. आणि त्या लाजेतही पहिला विचार आला तो हा, की काकू बरोबर ठरल्या.

घरी न जाता मी त्यांच्याकडे गेलो. "काकू, ती काजल नव्हती."

"मला तीनदा तीन वेगळ्या काजल भेटल्या," त्या म्हणाल्या.

"मग सभेत का नाही बोललात? मी एवढं टोचून बोललो तुम्हाला!"

"चार वर्षं तुम्ही मनापासून केलंत. लोकांसमोर तुम्हाला तोंडघशी कशाला पाडायचं? आता सभा बोलवा आणि तुम्हीच सांगा. माझं नाव घेऊ नका."

मी सभा बोलावली. सगळं सांगितलं. आणि त्यांचं नाव घेतलं नाही. "सेक्रेटरी असावा तर असा! स्वतः जाऊन बघितलं," असं कुणीतरी म्हणालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या. 'हे काकूंनी आधी ओळखलं' एवढंच एक वाक्य म्हणायचं होतं. टाळ्या थांबल्या की म्हणू असं ठरवलं. टाळ्या थांबल्या आणि चहा आला.

आम्ही जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. तपासणी झाली, तिथली मुलं दुसरीकडे हलवली असं कानावर आलं. फोटोतली मुलगी कोण होती, ते मला आजही माहीत नाही.

नवी संस्था शोधायला काकू मला अमीनाबादला घेऊन गेल्या. कापडाच्या दुकानांमागे एका गल्लीत दोन खोल्या, तिथे जरदोजीचं, म्हणजे जरीचं भरतकाम करणाऱ्या कारागिरांची मुलं शिकायला यायची. शिकवणाऱ्या दीदीने दार किलकिलं करून सांगितलं, "आज नहीं. बच्चों का पेपर है." दार बंद. मला अपमान वाटला. काकू मात्र खूश.

"बघितलंत? देणगीदाराला दारातून परत पाठवते. हिला द्यायला हरकत नाही."

त्यानंतर आम्ही दोनदा गेलो. दीदीला प्रत्येक मुलाचं नाव माहीत होतं, आणि आज कोण आलं नाही आणि का आलं नाही, तेही. आम्ही कागद मागायच्या आत तिने फाइल पुढे ठेवली. मंडळाने तीच संस्था निवडली. ठरावात नाव माझं होतं.

थंडी सुरू झाली तशा काकू गुडघ्यांनी बेजार झाल्या आणि मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. स्टेशनवर अर्धं मंडळ आलं होतं. माझी बायको रडली, मुलगी रडली. मी त्यांच्या बॅगा चढवल्या आणि मनात म्हटलं, मी गेलो तर इतके लोक येतील का? बघा माणसाचा स्वभाव. ते राहिलेलं एक वाक्य तेव्हाही बोललो नाही.

गेल्या महिन्यात मी अमीनाबादला एकटा गेलो. एका चिमुरड्या मुलीने दार थोडंसं उघडलं आणि माझ्या मागे गल्लीत वाकून बघितलं.

"आंटी नहीं आईं?"

"वो नासिक चली गईं, बेटा."

"आप कौन हैं?"

मराठी मंडळाचा सेक्रेटरी, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. म्हणालो, "मैं उनका पड़ोसी हूँ. ये जगह उन्होंने ही ढूँढी थी."

तिने दार पूर्ण उघडलं आणि आत धावत ओरडली, "दीदी, आंटीवाले अंकल आए हैं!"

मी चपला काढल्या आणि आत गेलो. माझं नाव मी सांगितलं नाही.