ताईचं विरजण

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतवाड्याच्या स्टँडवर अकोल्याच्या बसची वाट पाहत होते. तिच्याच घरी निघाले होते... त्या दिवशी मी रडले. दहाव्याला मात्र अशी पेटले, की अजून विझले नाही.

ताई माझी थोरली बहीण. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी नालीत सोडायला तिचा जीव होईना. परसात लांबट हौद बांधून घेतला, बारीक दगडांची गिट्टी भरली, वर कर्दळ लावली. एका टोकानं साबणाचं पाणी शिरायचं, दुसऱ्या टोकानं नितळ होऊन लिंबाच्या झाडाला जायचं. रोज चहाच्या आधी ताई ते ओंजळीत घेऊन हुंगायची. गल्लीतल्या बाया नाकाला पदर लावायच्या. एकदा मी न्हाणी घासायला फिनाइल काढलं, तर बाटलीच हिसकली. "काहून वं, जीव घेतं का त्यायचा? गिट्टीले, मुळायले जिते जंतू चिकटेल हायेत. घाण थेच खातात. फिनाइल पाजशीन त मरतीन!" निघताना तिनंच बादलीभर ओली गिट्टी दिली, विरजण म्हणून. परतवाड्याचा माझा हौद त्यावरच लागला.

आणि दहाव्याला? सुतक फिटलं म्हणून तिच्या पोटच्या पोरानं, सुनीलनं, घरभर बाटल्याच्या बाटल्या फिनाइल ओतलं. बाहेर कोणी भाषण ठोकत होतं, ताई म्हणजे पर्यावरणाची माउली! अरे, हिच्याच घरचं पाणी प्यायला नाकं मुरडत होते ना रे तुम्ही?

"मावशी, सुतकाचं घर धुवावं लागते ना," सुनील म्हणाला. "आता आई थोडीच पाहून राहिली?"

थोबाडीत द्यायला हवी होती. दिली नाही, याचाच पस्तावा आहे.

ते सगळं फिनाइल न्हाणीतून हौदात उतरलं. कर्दळ पिवळी पडली, हौदाला सडका वास सुटला. सुनील म्हणाला, बुजवून फरशी बसवतो. "आधी माह्यावर बसव," मी म्हटलं. परतवाड्याला जाऊन माझ्या हौदातली गिट्टी बादलीत भरली, वर ओलं पोतं टाकलं. कंडक्टरनं विचारलं, "हे काय हो बाई?" म्हटलं, विरजण आहे. तिचंच होतं, तिच्या दारी परत नेलं.

तेव्हापासून मुक्काम इथंच. फिनाइलची बाटली दिसली तर नालीत नाही, डोक्यात ओतीन, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. रोज चहाच्या आधी ओंजळ हुंगते. रोज वास येतो, रोज सुनीलला दोन शिव्या बसतात...

आज वास आला नाही. ओंजळ तशीच धरून मी घराकडे वळले, ताईला दाखवायला.